‘दोनच मिनिटं’ लावलेली गाडी

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलेलं थोडं नीट केलंय, बाकी बोललो तसंच आहे.)

आजचा एपिसोड पार्किंगवर आहे. थांबा, लगेच स्किप करू नका. मला माहितीये, सोसायटीच्या पार्किंगची भांडणं ऐकायला तुम्हाला पॉडकास्ट लागत नाही. तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती रोज फुकट मिळतात. पण आज मला दोन गाड्यांची गोष्ट सांगायचीय. दोन्ही माझ्याच. एक टेक्सासमध्ये उचलून नेली. दुसरी पुण्यात कोणीच उचलली नाही, आणि कोणी उचलली असती तर फार बरं झालं असतं.

पहिली गोष्ट २०२२ सालची. मी तेव्हा ऑनसाइट होतो, डॅलसजवळ. तिकडे आपली बहुतेक पोरं जशी राहतात तसाच राहायचो, दोन-तीन मजल्यांच्या बैठ्या इमारतींचं अपार्टमेंट कॉम्प्लेक्स, लिफ्ट नाही, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, आणि एक तेलुगू रूममेट जो माझ्यापेक्षा बरा स्वयंपाक करायचा. सेकंडहँड गाडी घेऊन दीड महिना झाला होता. एका शनिवारी देसी दुकानातून आट्याच्या दोन पिशव्या, तांदूळ, दूध असं सगळं घेऊन आलो. पाऊस जोरात. माझं पार्किंग लांब होतं, म्हणून गाडी जिन्याच्या अगदी समोर लावली. हॅझर्ड लाइट चालू ठेवले. आपल्याकडे हॅझर्ड लाइट म्हणजे ‘मला माहितीये मी चुकतोय, पण दोनच मिनिटं’ असा अर्थ असतो ना, तोच अर्थ जगभर असेल असं मला वाटायचं.

दोन फेऱ्या झाल्या. मग घरी थोडं पाणी प्यायलो, ओले बूट काढले, आईचा फोन आला तो घेतला. वीसेक मिनिटांनी खाली आलो तर गाडी नाही. पावसात फरशीवर माझ्या गाडीच्या आकाराचा कोरडा चौकोन होता आणि तोसुद्धा भिजायला लागला होता. मला वाटलं चोरीच झाली. पोलिसांना फोन लावणार तेवढ्यात रूममेट वरून बघून हसायला लागला. म्हणाला, खाली बघ. खाली बघितलं. कडेच्या दगडावर लाल रंग आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘नो पार्किंग, फायर लेन, टो अवे झोन’. दीड महिना रोज त्या अक्षरांवरून चालत गेलो होतो.

गाडी वीस मैलांवरच्या यार्डात सापडली. टोचे पैसे, यार्डात ठेवण्याचा दिवसाचा आकार, नोटिशीचा आकार असं सगळं मिळून ३०० डॉलरच्या वर बिल. तिकडे काचेमागच्या बाईने पावती सरकवली तेव्हा मी मनातल्या मनात डॉलरला रुपयांनी गुणत होतो. ऑनसाइटच्या पहिल्या वर्षात प्रत्येकजण गुणतो, लाजायचं कारण नाही.

मला प्रचंड राग आला होता. आणि इंजिनिअरला राग आला की तो डॉक्युमेंटेशन वाचतो. मी रात्रभर टेक्सासचा टोइंगचा कायदा वाचला. उद्देश एकच, यांची चूक शोधायची आणि पैसे परत घ्यायचे.

तर वाचून जे कळलं ते सांगतो, कारण हे ऐकणाऱ्यांपैकी बरेचजण आत्ता तिकडे असतील किंवा जाणार असतील. टेक्सासमध्ये खासगी जागेतल्या टोइंगसाठी ऑक्युपेशन्स कोडमध्ये वेगळं प्रकरणच आहे, २३०८ नंबरचं. टोइंगवाल्याला लायसन्स लागतं, किती पैसे घ्यायचे त्यावर कमाल मर्यादा असते. गाडी हुकला पूर्ण अडकवायच्या आत तुम्ही पोचलात तर एक पैसा न घेता सोडावी लागते. अडकवून झाली पण अजून आवाराबाहेर गेली नाही, तेव्हा पोचलात तर तो फक्त ‘ड्रॉप फी’ घेऊ शकतो, जी पूर्ण टोच्या साधारण निम्मी असते. म्हणजे खिडकीतून ट्रक दिसला तर चपला न घालता पळा. अपार्टमेंटच्या मालकाने टोइंगवाल्याकडून कमिशन खाणं बेकायदा आहे. आणि टो चुकीचा वाटला तर १४ दिवसांत, त्यात शनिवार-रविवार आणि सुट्ट्या धरत नाहीत, तिथल्या जस्टिस कोर्टात सुनावणी मागता येते. वकील लागत नाही.

हे नुसतं कागदावर नाही बरं का. आमच्याच बिल्डिंगमधल्या एका मुलाची गाडी रजिस्ट्रेशनचा स्टिकर संपला म्हणून उचलली होती. नुसत्या तेवढ्या कारणासाठी उचलायची असेल तर आधी दहा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ती दिलेली नव्हती. तो कोर्टात गेला, पंधरा मिनिटांत निकाल लागला, पैसे परत.

मग मी फायर लेनचा भाग वाचला. तिथे नोटीस वगैरे काही नाही. स्टिकर संपलेल्या गाडीला दहा दिवस, आणि फायर लेनमधल्या गाडीला शून्य मिनिटं. तरी मी दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन गेलो, रंग पुसट झालाय असं दाखवायला. फोटो काढले. फोटोत अक्षरं इतकी स्वच्छ आली की मीच ते डिलीट केले. लीजबरोबर पार्किंगच्या नियमांचं वेगळं पान होतं, त्यावर माझी सही होती. फोनवर सरकवत सरकवत केलेली, तुम्ही करता तशीच.

पैसे गेले ते गेले, पण एक प्रश्न डोक्यात राहिला. रस्ता चांगला रुंद होता. माझी गाडी उभी असूनही शेजारून दुसरी गाडी आरामात जात होती. मग एवढी घाई कशाला?

याचं उत्तर कायद्यात मिळत नाही, बंबाकडे बघून मिळतं. तिकडच्या बहुतेक शहरांत जो फायर कोड वापरतात, त्यात बंबाच्या रस्त्याची मोकळी रुंदी किमान २० फूट लागते. बंबाची स्वतःची रुंदी आठ-साडेआठ फूट, आरसे धरून दहाच्या आसपास. मग २० कशाला? कारण बंब नुसता जायचा नसतो, तिथे काम करायचं असतं. त्याच्या बाजूच्या कप्प्यांची दारं उघडतात, त्यातून हौजपाईप आणि हत्यारं काढतात, मागून आलेली दुसरी गाडी पुढे जायला लागते. शिडीची गाडी असेल तर ती उभी राहिल्यावर दोन्ही बाजूंना लोखंडी पाय बाहेर काढते, खेकड्यासारखे. ते पाय नीट टेकले नाहीत तर शिडी वर जाऊच शकत नाही, गाडी उलटेल. ते पाय पसरल्यावर रुंदी सोळा-अठरा फूट होते. म्हणजे २० फुटांत उधळपट्टी काहीच नाही.

दुसरा आकडा १५० फूट. इमारतीच्या बाहेरच्या भिंतीचा कुठलाही भाग बंबाच्या रस्त्यापासून हौजपाईपच्या मार्गाने १५० फुटांच्या आत हवा असा नियम आहे. म्हणजे कॉम्प्लेक्स बांधताना रस्ता कुठून कसा वळवायचा हे पाइपाच्या लांबीवरून ठरलेलं असतं. आणि हौजपाईप म्हणजे आपल्या बागेची नळी नव्हे. पाणी भरलं की तो टणक होतो, सहज वळत नाही, आणि ओढताना उभ्या गाडीच्या टायरखाली जाऊन पाचरीसारखा अडकतो. तुमची गाडी एकटी आहे आणि कडेला आहे म्हणून अडथळा होत नाही, हे आपण आपल्या स्टेअरिंगवर बसून ठरवतो. पाइप हातात घेऊन पळणारा माणूस ते ठरवत नाही.

हे सगळं मला २०२२ मध्ये कळलं होतं. नीट लक्षात ठेवा, कारण आता दुसऱ्या गाडीची गोष्ट येतेय.

२०२३ च्या उन्हाळ्यात मी परत आलो. आता हिंजवडीच्या अलीकडे एका सोसायटीत आई-बाबांबरोबर राहतो. अकरा मजली चार विंग, खाली स्टिल्ट पार्किंग, भोवतीने रस्ता. पांढरी हॅचबॅक घेतली. पुण्यात प्रत्येक तिसरी गाडी पांढरी असते, त्यातलीच एक.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन रविवारी होतं, १२ नोव्हेंबरला. आठवत असेल, वर्ल्ड कपची भारत-नेदरलँड्स मॅच होती त्या दिवशी. संध्याकाळी मी आईने सांगितलेली फुलं आणि मिठाई घेऊन आलो तर माझ्या जागेवर कोणाच्या तरी पाहुण्यांची एसयूव्ही. वॉचमन काकांना विचारलं, ते म्हणाले, सी विंगचे पाहुणे आहेत, जातीलच दहा मिनिटांत. पूजेची वेळ झालेली. मी गाडी बी आणि सी विंगच्या मधल्या वळणावर, कंपाउंडच्या भिंतीला अगदी चिकटवून लावली. समोरच्या बाजूला आधीच एक मोठी गाडी होती. मधून दुसरी गाडी आरामात जात होती. मी स्वतः मागे वळून खात्री केली. दोनच मिनिटं.

वर गेलो, पूजा झाली, फराळ झाला, पाहुणे आले, फोन चार्जिंगला लावला, सायलेंटवर. मॅच रंगात आली. आठच्या सुमाराला कोहलीने विकेट घेतली, कोहलीने, बॉलिंग टाकून, त्यामुळे घरात नुसता आरडाओरडा. बाहेर फटाके. त्या आवाजात खालचा आरडाओरडा वेगळा आहे हे कळायला वेळ लागला.

सी विंगच्या सहाव्या मजल्यावर एका बाल्कनीत रॉकेट शिरलं होतं. बाल्कनीत वाळत घातलेले कपडे, जुन्या टीव्हीचा खोका, थर्माकोल, प्लॅस्टिकची खुर्ची. आपल्या सगळ्यांच्या बाल्कनीत हेच असतं. तिथून पडदा, पडद्यावरून सोफा. घरात काका-काकू दोघंच, दोघंही सत्तरीच्या पुढचे.

बंब लवकर आला. दिवाळीच्या रात्री त्यांच्यावर किती कॉल असतील याचा विचार करा, तरी आला. गेटमधून आत शिरला, ए विंग ओलांडली आणि बी-सीच्या वळणावर थांबला. एकीकडे ती मोठी गाडी, दुसरीकडे माझी. ड्रायव्हरने एकदा पुढे-मागे करून बघितलं. वळता येत नव्हतं.

मी खिडकीतून हे बघितलं तेव्हा मला पहिल्यांदा फक्त बंबाचा लाल दिवा दिसला. मग त्याच्या उजेडात पांढरं टप दिसलं. मग नंबर प्लेट. मी किल्ली शोधत होतो आणि किल्ली सापडत नव्हती, कारण ती पूजेच्या ताटाशेजारी ठेवली होती. आमच्याकडे नव्या गाडीची किल्ली पहिल्या दिवाळीला देवीपुढे ठेवतात. फोनवर अकरा मिस्ड कॉल होते.

मी जिन्याने धावत खाली पोचेपर्यंत दहा-बारा जणांनी माझ्या गाडीचं मागचं टोक धरून, हिसके देत देत, भिंतीकडे सरकवायला सुरुवात केली होती. जवानांनी तोपर्यंत वाट बघितली नाही. त्यांनी वळणापासूनच पाइपाला पाइप जोडत नेला, आणि तो माझ्या पुढच्या टायरखाली अडकला. अगदी तसाच. एक जवान जमिनीवर पालथा पडून तो सोडवत होता. किती वेळ गेला? नंतर आम्ही गेटच्या कॅमेऱ्यात बघितलं. साडेसहा मिनिटं. इमारतीचा स्वतःचा पंप होता, पण तो मॅन्युअलवर ठेवलेला आणि पॅनेलच्या खोलीला कुलूप. तो वेगळा एपिसोड होईल.

काका-काकू जिन्याने खाली आले, शेजारच्या दोन मुलांनी धरून आणलं. हॉल आणि बाल्कनी जळाली. काकूंच्या छातीत धूर गेला, दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होत्या, ऑक्सिजनवर. घरी आल्या. एवढ्यावर निभावलं.

त्या रात्री गाडीवर फक्त धूळ आणि हातांचे ठसे होते. एक ओरखडासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी मी ती पुसायला गेलो आणि न पुसता परत आलो.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे असा काही नियम नाही. मलाही तसंच वाटत होतं, म्हणून पुन्हा रात्रभर वाचलं. नियम आहे. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ ची. उंच इमारतीभोवती बंबाला फिरता येईल अशी किमान ६ मीटर जागा, ४५ टन वजन पेलेल अशी पक्की. आवाराचं मुख्य प्रवेशद्वार किमान साडेचार मीटर रुंद, वर कमान असेल तर खाली ५ मीटर मोकळी उंची. वळणासाठी ९ मीटर त्रिज्या. आता गंमत बघा, ६ मीटर म्हणजे १९ फूट ८ इंच. टेक्सासचे २० फूट. दोन देश, दोन वेगळी पुस्तकं, आणि दोघंही त्याच आकड्यावर येऊन थांबलेत, कारण बंब आणि माणसं तीच आहेत.

हिशेब करून बघा. हॅचबॅक साधारण १.७ मीटर रुंद. सहातून एक गाडी वजा केली, ४.३ उरले. दोन्ही बाजूंना एकेक लावली, २.६ उरले. बंब अडीच मीटर, आरसे सोडून. सरळ रस्त्यावरसुद्धा तो जेमतेम घासत जाईल. वळणावर तर एकच गाडी पुरते.

महाराष्ट्राचा वेगळा कायदाही आहे, आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. त्याखाली सोसायटीला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, लायसन्स असलेल्या एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावा लागतो, फॉर्म बी म्हणतात तो. आमचा दाखला होता. पण एजन्सीचा माणूस येतो मंगळवारी सकाळी अकराला. तेव्हा सगळ्या गाड्या हिंजवडीत ऑफिसला असतात. सोसायटीचा रस्ता विमानतळाच्या धावपट्टीसारखा दिसतो. तो रस्ता रविवारी रात्री आठ वाजता मोजायला हवा.

म्हणजे फरक नियमात नाही, फरक गाडी हलवण्यात आहे. तिकडे लाल रंगावर गाडी दिसली की ती तिथून जाते. इकडे मोटार वाहन कायद्याची कलमं १२२ आणि १२७ आहेत, त्याखाली पोलीस गाडी उचलतात, पण ते सार्वजनिक जागेसाठी. सोसायटीच्या गेटच्या आत टोइंग व्हॅन येत नाही. आत काय येतं? जॅमर. मला या जॅमरचं लॉजिक कोणी तरी समजावून सांगा. गाडी चुकीच्या जागी उभी आहे, म्हणून आपण काय करतो, तर ती तिथून हलूच शकणार नाही अशी व्यवस्था करतो. मग तो माणूस ऑफिसला दंड भरायला येईपर्यंत ती तिथेच. प्रॉडक्शनमध्ये बग सापडला म्हणून तो लॉक करून ठेवल्यासारखं आहे हे.

आणि आमच्याकडे कडकपणा दाखवायचा तो डिलिव्हरीवाल्या पोरांवर. त्याची बाइक गेटच्या आत अर्धा फूट आली तर शिट्ट्या. पण फ्लॅट नंबर पाठ असलेल्या गाडीला वॉचमन काका काय बोलणार? त्यांचा पगार आपण देतो. त्या दिवशी मलाच काय बोलले होते? ‘जातीलच दहा मिनिटांत.’

दक्षिण कोरियात हे फार महागात पडलं. २१ डिसेंबर २०१७ ला जेचॉन नावाच्या शहरात एका आठ मजली स्पोर्ट्स सेंटरला आग लागली. जवळचा रस्ता ६ मीटरचा होता, पुन्हा तोच आकडा, आणि त्यावर बेकायदा उभ्या केलेल्या गाड्या. शिडीच्या गाडीला वळसा घालून यावं लागलं. २९ माणसं गेली. नुसत्या गाड्यांमुळे नाही, तिथे बाहेर पडायचा आपत्कालीन दरवाजाही सामानाने अडवलेला होता, इतरही चुका होत्या. पण पुढच्याच वर्षी त्यांनी कायदा बदलला. १०० किंवा जास्त घरं असलेल्या नव्या अपार्टमेंटमध्ये बंबासाठी राखीव जागा आखणं सक्तीचं, तिथे गाडी लावली तर दहा लाख वॉनपर्यंत दंड. आणि बंबाच्या वाटेत बेकायदा लावलेली गाडी जवानांनी ढकलून, ठोकून बाजूला काढली तर तिच्या मालकाला नुकसानभरपाई नाही. हे शेवटचं मला फार आवडलं. आमच्या वळणावर बंबाच्या ड्रायव्हरने माझ्या गाडीला सरळ धडक दिली असती तर मी आज त्याचे आभार मानले असते. पण त्याने बिचाऱ्याने आरसा सांभाळत पुढे-मागे केलं.

डिसेंबरमध्ये आमची सर्वसाधारण सभा झाली. विषय क्रमांक चार, पार्किंग. नेहमीप्रमाणे, ‘मी मेंटेनन्स भरतो’, ‘बिल्डरने मला ही जागा विकलीय’. आता बिल्डरला मोकळी जागा किंवा स्टिल्ट फ्लॅटसारखी वेगळी विकताच येत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच एका मुंबईच्या सोसायटीच्या प्रकरणात सांगितलंय. ते मी वाचून दाखवलं, तर एक जण म्हणाले, ‘ते सगळं ठीक आहे, पण त्या रात्री ज्यांनी गाडी लावली होती त्यांना आधी दंड करा. कोणाची होती ती पांढरी?’

मी हात वर केला. म्हणालो, माझी होती. मला नियम माहीत होता, आकड्यासकट माहीत होता, तरी लावली.

सहाव्या मजल्यावरचे काका पहिल्या रांगेत बसले होते. मागे न वळता म्हणाले, ‘ठाऊक आहे रे. आम्ही खिडकीत उभे होतो. वरून तेवढंच दिसत होतं.’

त्यानंतर सभेत बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग काकाच म्हणाले, पुढचा मुद्दा घ्या.

आता आम्ही काय केलं ते सांगतो, त्यातलं तुम्हाला जे जमेल ते उचला. बी-सीच्या वळणावर आणि चारही विंगच्या समोर लाल पट्टी मारली. जॅमर बंद केले. त्याऐवजी चाकाखाली सरकवायच्या चार ट्रॉल्या घेतल्या, गॅरेजमध्ये असतात तशा. त्यावर गाडी चढवली की चारजण ती आडवीसुद्धा ढकलू शकतात. हे महत्त्वाचं आहे, कारण पूर्वी लोक गाडी न्यूट्रलला ठेवून जायचे, आता निम्म्या गाड्या ऑटोमॅटिक, ‘पी’ मध्ये टाकल्या की चाकं जाम. लाल पट्टीवर गाडी दिसली की वॉचमनने एक फोन करायचा, पाच मिनिटं थांबायचं आणि ट्रॉलीवर घालून मागच्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवायची. तसा ठराव सभेत लिहून घेतला, म्हणजे वॉचमन काकांना कोणी झापलं तर ते कागद दाखवू शकतात. गाडीचा नंबर, फ्लॅट आणि दोन फोन नंबर असलेली यादी मी केली, ती गेटवर छापून लावलीय. दोन नंबर का, ते तुम्हाला कळलं असेल. दिवाळी, गणपती आणि कोणाकडे लग्न असेल त्या दिवशी पाहुण्यांच्या गाड्या बाहेरच्या प्लॉटवर. पाहुणे कुरकुरतात.

आणि अग्निशमन दलाला पत्र देऊन मॉक ड्रिल मागितलं. हे बहुतेकांना माहीत नसतं, मागितलं तर येतात. फेब्रुवारीत एका रविवारी खरा बंब आला. रस्ता रिकामा, लाल पट्टी झगझगीत, कमिटी नवीन शर्ट घालून उभी. बंब आत आला, वळणावर गेला आणि पुन्हा अडकला. कशाला? सिमेंटच्या कुंड्यांना. लोकांनी कडेला गाड्या लावू नयेत म्हणून आमच्याच कमिटीने दोन वर्षांपूर्वी ठेवलेल्या सहा मोठ्या कुंड्या. अधिकारी खाली उतरले, कुंडीला बूट लावून बघितलं आणि म्हणाले, ‘गाडीला निदान चाकं तरी असतात.’

कुंड्या आता बागेत आहेत. सगळं सुरळीत आहे असं मी म्हणणार नाही. गेल्या वर्षभरात ट्रॉलीवर सात गाड्या चढवल्या, त्यातल्या दोन कमिटी मेंबरच्या. एकाने पोलिसात जायची धमकी दिली, गेला नाही. काकूंच्या बाल्कनीला नवीन रंग लागलाय, पण त्या आता दिवाळीत मुलीकडे नाशिकला जातात.

तुमच्या सोसायटीत फक्त एक करा. आज रात्री जेवण झाल्यावर मोजपट्टी घेऊन खाली जा आणि सगळ्यात अरुंद वळण मोजा. किती मीटर निघालं ते मला कॉमेंटमध्ये लिहा, सोसायटीचं नाव नको. मी एक यादी करतोय, पुढच्या महिन्यात वाचून दाखवेन.

बरं, थांबतो. हे रेकॉर्ड करतोय तेवढ्यात वॉचमन काकांचा फोन येऊन गेला, बी-सीच्या वळणावर कोणाची तरी कॅब थांबलीय आणि त्यांना ट्रॉलीला एक माणूस कमी पडतोय. जातो. भेटू पुढच्या शनिवारी.